रिपोर्ट नॉर्मल आहेत!

गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या स्वयंपाकघरात साडेतीनशे मोदक वळायचे होते. त्यातले एकोणीस वळून मी हात धुतले आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. उकड परातीत तशीच, सारण तसंच. माझ्या वाटणीचे मोदक इतर बिचाऱ्यांनी वळले. पुढे दोन-तीन ठिकाणांहून कानावर आलं, की हल्ली हिचा जीव मंडळात रमत नाही, नोकरी मोठी झाली ना! बोलणाऱ्यांना दोष नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, कदाचित जरा जास्तच तिखट. पण त्या दिवशी विसाव्या मोदकाची पाकळी काढताना माझा अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना भेटेचनात, आणि पुढचा पाऊण तास मी पार्किंग लॉटमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते. हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं? पण सांगायचं म्हणजे आजाराचं नाव सांगावं लागतं, आणि धड नाव माझ्याजवळ नव्हतं.

हे सगळं आमच्या संपादिकाबाईंना बोलता बोलता सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "लिहूनच दे ना. तुझ्यासारख्या आणखी चार जणी निघतील." म्हणून हा प्रपंच. आधीच सांगून ठेवते, मी डॉक्टर नाही. औषधांच्या कंपनीत संख्याशास्त्राची नोकरी करते. लोकांच्या रक्ताचे आकडे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. स्वतःच्या रक्तापुढे मात्र मी पार अडाणी निघाले.

सुरुवात ऑक्टोबर २०१६ ची. चार दिवस ताप आला, गेला, आणि जाताना अंगातलं त्राणही घेऊन गेला. सकाळी उठल्यावर हाताची मूठ वळायला अर्धा-पाऊण तास लागायचा. तळपायांना मुंग्या. दुपारी तीनच्या मीटिंगमध्ये डोळे उघडे, पण माणूस गैरहजर. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. सकाळचे डबे, शाळेची बस, न्यू जर्सीच्या ट्रॅफिकमधून पाऊण तासाचा ड्राइव्ह, संध्याकाळी पोहण्याचा क्लास, रविवारी मराठी शाळा. आपल्यापैकी कुणाचं घर याहून वेगळं आहे? म्हणूनच पहिले कित्येक महिने मलाही वाटत राहिलं, की यालाच संसार म्हणतात.

शेवटी २०१७ च्या उन्हाळ्यात नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. रक्त दिलं. चार दिवसांनी नर्सचा फोन. "रिपोर्ट नॉर्मल आहेत. गुड न्यूज!" मी थँक्यू म्हटलं, फोन ठेवला आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. हे लिहायला आजही लाज वाटते. आपल्या ओळखीत खरोखरीच्या मोठ्या आजारांशी झुंजणारी माणसं आहेत, आणि मी 'काही सापडलं नाही' म्हणून रडत होते! पण खरं तेच होतं. मला काहीतरी सापडायला हवं होतं. सापडलं असतं तर औषध मिळालं असतं. आणि त्याहून जास्त, खोटं कशाला बोलू, पुरावा मिळाला असता.

आता या 'नॉर्मल'विषयी थोडं. प्रयोगशाळा बहुतेक चाचण्यांची मर्यादा ठरवते ती अशी: निरोगी माणसांचं रक्त तपासायचं, आकडे चढत्या क्रमाने मांडायचे, खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून मधल्या ९५ टक्क्यांना नॉर्मल म्हणायचं. म्हणजे धडधाकट माणसाचाही दर वीस चाचण्यांमागे एखादा आकडा रेषेबाहेर जायचाच. वीस चाचण्या एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असं धरलं, तर निरोगी माणसाचाही किमान एक आकडा चुकीचा येण्याची शक्यता ६४ टक्के! हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. याची दुसरी बाजू मात्र माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. रेषेच्या आत असणं म्हणजे माझ्यासाठी योग्य असणं नव्हे. माझं हिमोग्लोबिन २०१३ साली १४.१ होतं, २०१७ साली १२.२. दोन्ही नॉर्मल. पण एकाच बाईचं चार वर्षांत जवळजवळ दोनने उतरलं, ते का, असं कुणी विचारलं नाही, कारण दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिलेच नाहीत. मीसुद्धा नाही. मला तर त्याचाच पगार मिळतो!

मग एक विनोदी प्रकरण झालं. केस गळतात म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी बायोटिनच्या गोळ्या घेत होते, चांगल्या जोरदार डोसच्या. पुढच्या तपासणीत थायरॉइडचा टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर. झालं! थायरॉइड जास्त काम करतंय, म्हणून थकवा. मी आनंदाने घरी आले. नशीब, की औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काय काय घेता?" काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत ही चाचणी करण्यासाठी बायोटिनच वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन निकालात गोंधळ घालतं. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल सावधगिरीची सूचनाच काढली. गोळ्या थांबवून पुन्हा रक्त दिलं, थायरॉइड ठणठणीत. तेव्हा मंडळी, केसांची, नखांची, ताकदीची, अगदी आयुर्वेदिक असली तरी, जी काही गोळी किंवा चूर्ण घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. 'ते काय औषध थोडंच आहे' असं आपल्याला वाटतं. यंत्राला तसं वाटत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये सांगलीला माहेरी गेले होते. आईच्या डॉक्टरांनी मुंग्यांचं ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शाकाहारी ना? मग बी-ट्वेल्व्ह कुणी बघितलंय का?" कुणी बघितलं नव्हतं. ते आलं १४८. बहुतेक प्रयोगशाळा २०० च्या खाली कमी धरतात, आणि २०० ते ३०० च्या मधलंही संशयास्पदच मानतात. हे जीवनसत्त्व भाज्या-डाळींत नसतं. दुधा-दह्यात असतं खरं, पण चहातल्या दुधावर किती भागणार? मग न्यू जर्सीत ते लक्षात का आलं नाही? बी-ट्वेल्व्ह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात. डॉक्टर त्या खुणेची वाट पाहतात. पण मला लोहही कमी होतं, आणि लोह कमी पडलं की पेशी लहान होतात. काही मोठ्या, काही लहान, आणि रिपोर्टवर छापून येते ती सरासरी. सरासरी अगदी नॉर्मल! सरासरीने फसवलेली माणसं मी नोकरीत रोज पाहते. आपल्याकडच्या शाकाहारी बायकांमध्ये या दोन्ही उणिवा एकत्र सापडणं मुळीच दुर्मीळ नाही, तेव्हा चाचणी नाव घेऊन मागावी.

इंजेक्शनं घेतली, लोहाच्या गोळ्या घेतल्या. तीन महिन्यांत मुंग्या गेल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले, सापडलं एकदाचं! पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आणि मग मार्च उजाडला तरी सकाळची मूठ काही वळेना. दुपारचं गळून जाणं तसंच. तो महिना सगळ्यांत वाईट गेला. आजार एकच असतो आणि त्याचं कारणही एकच असतं, असं आपण धरून चालतो. दोन भाडेकरू एकाच घरात राहत असतील हे मनातच येत नाही.

दुसऱ्या भाडेकरूचा पत्ता मुलाने लावला. दुकानात फ्रीझरमधून मटारची पिशवी काढत होते, तर हा म्हणाला, "आई, तुझी बोटं मेणबत्तीसारखी झालीयेत." पाहिलं तर दोन बोटं पेरापासून पांढरी फटक. मग ती निळसर झाली, मग लाल होऊन ठणकायला लागली. तसं दोन हिवाळे होत होतं. पण सांगलीहून आलेल्या माणसाची बोटं इथल्या थंडीत गारठायचीच, यात डॉक्टरांना काय सांगायचं? मुलाने फोनवर फोटो काढून ठेवला. सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांची तारीख मिळाली ती जुलैची, नव्वद डिग्री उन्हाळ्यातली. तिथे माझी बोटं सुरेख गुलाबी होती. फोटो नसता तर मी पुन्हा 'नॉर्मल' म्हणूनच घरी आले असते.

त्या भेटीची मी तयारी केली होती, कारण आधीच्या भेटींत माझी मोठी अडचण वेगळीच होती. भाषेची. इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे. दुखण्याची भाषा आपण आईच्या मांडीवर शिकतो. कणकण वेगळी, कसकस वेगळी. अंग मोडून येणं वेगळं आणि हातपाय गळून जाणं वेगळं. ठणका रात्री जागवतो, चमक क्षणात येऊन जाते, कळ आतून निघते. सांगलीच्या डॉक्टरांना 'कणकण वाटते' म्हटलं की त्यांनी हात पुढे करून नाडीच धरली असती. इथे माझ्याजवळ दोनच शब्द: पेन आणि टायर्ड. 'टायर्ड' म्हटलं, की समोरची बाई सहानुभूतीने हसते, कारण तीही टायर्डच असते. वर एक ते दहामध्ये दुखणं किती, असा प्रश्न. दहा म्हणजे बाळंतपण, असं धरून मी प्रामाणिकपणे तीन सांगायची. आणि आत शिरताना डॉक्टर 'हाउ आर यू?' विचारत, त्यावर माझ्या तोंडून आपसूक जायचं, 'फाइन, थँक यू!' बरी नाही म्हणून आलेय, आणि पहिलं वाक्य 'बरी आहे'.

तर या वेळी एका कागदावर, एकाच, लिहून नेलं. कधी सुरू झालं, काय बदललं, काय गेलं, काय राहिलं. विशेषणांऐवजी कामं लिहिली. सकाळी सव्वासातपर्यंत बाटलीचं झाकण उघडता येत नाही. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन चौदा पायऱ्या चढताना नवव्या पायरीवर बसावं लागतं. पोळ्या लाटणं दोन वर्षांपासून बंद आहे. पोळी म्हणजे काय ते डॉक्टरांना समजावण्यात अर्धा मिनिट गेला, पण त्यांनी तेच वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं.

त्यांनी नखांच्या मुळाशी भिंग लावून बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या, रक्त काढलं. त्यात एएनए नावाची चाचणी एकास एकशेसाठ पॉझिटिव्ह आली. म्हणजे रक्ताचा द्रव १६० पट पातळ केला तरी त्यात स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकांविरुद्धची द्रव्यं दिसत होती. हे ऐकून घाबरायला होतं. पण १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरोगी माणसांपैकीही ५ टक्क्यांची चाचणी या पातळीला पॉझिटिव्ह निघाली होती, आणि एकास चाळीसच्या पातळीला तर जवळजवळ ३२ टक्क्यांची. नुसत्या एएनएला काही अर्थ नाही. पांढरी बोटं, सकाळचं आखडणं आणि एएनए अशी तिघं एकत्र आली, की मात्र अर्थ येतो. ल्यूपसच्या, सांधेवाताच्या आणि इतर खास चाचण्या सगळ्या निगेटिव्ह.

निदान मिळालं ते असं: अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच घरावर हात उगारते त्या कुळातला आजार, पण कुठल्या घरातला ते अजून सांगता येत नाही. गोत्र कळलं, आडनाव कळेना! काही जणांचा पुढे ल्यूपस किंवा दुसरा एखादा ओळखीचा आजार होतो, बऱ्याच जणांचा वर्षानुवर्षं तिथल्या तिथे राहतो. माझा अजून तिथेच आहे.

जानेवारी २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं. सासूबाई तेव्हा इथे होत्या. "अगंबाई, ही तर मलेरियाची गोळी! इथे कुठले डास?" या औषधाचा गुण यायला दोन-तीन महिने, कधी सहा महिने लागतात. मला जरा कुठे फरक वाटायला लागला आणि मार्च उजाडला. कोविडवर हेच औषध चालेल अशी हाकाटी झाली, आणि देशभर तुटवडा पडला. माझ्या फार्मासिस्टने फोन करून सांगितलं, की तीसऐवजी चौदाच गोळ्या देता येतील. कोविडवरच्या वापराला २८ मार्चला दिलेली आपत्कालीन परवानगी १५ जूनला एफडीएने काढून घेतली, पण मधल्या काळात मी गोळ्या मोजत बसले. तीन वर्षं शोधून मिळालेलं औषध, आणि तेच दुकानात नाही!

नोकरीचं आता सांगते, कारण इथले बरेच वाचक याच पाण्यातून जातात. आम्ही २००९ साली माझ्या एच-वन-बीवर इथे आलो. ग्रीन कार्डाचा अर्ज माझ्या नोकरीवर, सगळ्यांचा विमा माझ्या नोकरीवर, आणि २०१५ पासून एच-फोरवाल्यांना काम करता यायला लागलं तेव्हा नवऱ्याची नोकरीही माझ्याच व्हिसाच्या आधारावर. मी पडले तर चौघं पडणार. म्हणून तीन वर्षं ऑफिसात एक अक्षर बोलले नाही. रजा साठवून ठेवली, आजारी असताना कामावर गेले, आणि सुट्टीत घरी झोपले. एकदा मॅनेजरने वार्षिक मूल्यमापनात 'उत्साह कमी वाटतो' असं लिहिलं, तेव्हा मात्र घाबरून एचआरच्या बाईंकडे गेले.

तिथे कळलं ते आधीच विचारायला हवं होतं. १९९३ च्या एफएमएलए कायद्याप्रमाणे वर्षाला बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, नोकरी आणि विमा शाबूत ठेवून. परिसरात पन्नास तरी कर्मचारी असलेली कंपनी हवी, आपली नोकरी वर्षभराची आणि त्या वर्षात १,२५० तास काम झालेलं हवं. ही रजा सलगच घ्यावी लागते असं नाही. दुखणं उलटलं की दोन तास, एक दिवस, अशी तुकड्या-तुकड्यांनीही घेता येते. आणि एच-वन-बीवाल्यांनाही ती लागू आहे. माझी मुख्य शंका होती, की आजाराचं नावच पक्कं नसेल तर डॉक्टर प्रमाणपत्रावर लिहिणार काय? तर त्यांनी लिहिलं, की दीर्घ मुदतीचा आजार आहे, उपचार चालू आहेत, महिन्यातून तीन-चार दिवस काम जमणार नाही. एवढंच पुरलं. दुपारी तीनची मीटिंग सकाळी अकराला करून घेतली, त्यासाठी तर कायद्याचीही गरज पडली नाही. मॅनेजर म्हणाला, "मलाही अकराच बरे पडतात."

एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी आपल्याला लगेच वाचायला मिळतात. जरूर वाचाव्यात, पण एकदा पाणी पिऊन. माझ्या नोंदीत जागोजागी 'पेशंट डिनाइज' असं होतं. छातीत दुखणं नाकारते, ताप नाकारते. मी कुठे भांडत होते? नंतर कळलं, की ती त्यांची लिहायची पद्धत आहे. एका जुन्या नोंदीत मात्र 'पेशंट नीटनेटकी, तब्येत उत्तम दिसते, चिंताग्रस्त' असं सापडलं. नीटनेटकी होते, कारण तिथून थेट ऑफिसला जायचं होतं. त्या दिवशी लिपस्टिक लावायला बसून दोन्ही हात वापरावे लागले होते, ते नोंदीत नव्हतं.

घरचं लिहावं की नाही, यावर नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, "लिही, पण माझी बाजूही लिही." तर त्याची बाजू अशी. तीन वर्षं संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांच्या अंघोळी, लाँड्री त्याने केली. प्रवासाची, म्हणून बढतीची, एक नोकरी सोडून दिली. आणि दर तपासणीनंतर तो मनापासून म्हणायचा, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, चांगलंच आहे ना?" त्याला खरंच हायसं वाटायचं. मला ते 'मग आता ऊठ' असं ऐकू यायचं. यावरून आमचं एकदा इतकं वाजलं, की मुलगी भातुकली खेळताना बाहुलीला सांगत होती, "हळू बोल, आई दमलीय आणि बाबा चिडलाय." दोघंही गप्प झालो. जुलैच्या त्या भेटीला तो पहिल्यांदा बरोबर आला. पायऱ्यांचं आणि पोळ्यांचं मी डॉक्टरांना सांगत होते तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण नवव्या पायरीचं त्यालाही माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. घरी मीही 'फाइन, थँक यू'च म्हणत आले होते.

त्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, की घराण्यात कुणाला असं काही? मी 'नाही' म्हटलं. रविवारी आईला फोनवर सहज विचारलं, तर ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या मोठ्या आत्याची बोटं थंडीत पांढरी पडायची. सकाळी तिला जातं ओढायला जमायचं नाही. वाड्यात सगळे तिला आळशी म्हणायचे. मीही म्हणायचे." आत्या मी सातवीत असताना गेली. तिचं काय दुखत होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. 'वाताची प्रकृती' एवढंच घरात बोललं जायचं. आईने त्यानंतर तीन-चार रविवार तोच विषय काढला. काही सांगायचं असायचं असं नाही. नुसतीच म्हणायची, "फार बोलले गं मी तिला."

मी डॉक्टरांना कळवलं आणि फॉर्मवर घराण्याच्या रकान्यात आत्याचं नातं भरलं. आपापल्या आईला, आत्याला, मावशीला विचारून ठेवा, अजून विचारता येतंय तोवर.

या वर्षी मोदकांच्या यादीत माझं नाव घाला. सकाळी नाही, दुपारी बारानंतर. एकवीस वळीन. बसायला खुर्ची लागेल, आणि शेजारी कुणीतरी गप्पिष्ट हवी.